रहाटपाळणा

गेल्या महाशिवरात्रीस आम्ही सहकुटुंब परळीस वैद्यनाथाच्या दर्शनास गेलो होतो. धर्मापुरीहून शिवरात्रीस परळीला जाणे ही आमच्या घराची जुनी रीत आहे. पूर्वी पहाटे बैलगाडी जुंपून निघत असू, हल्ली चिरंजीवांच्या मोटारीतून जातो, इतकाच काय तो फरक. अभिषेक झाला, बेल वाहून झाले, आणि परत फिरताना आमच्या आठ वर्षांच्या नातीची पावले यात्रेच्या मैदानापाशी अडली. मैदानाच्या मध्यभागी विजेच्या दिव्यांनी झगमगणारा एक प्रचंड लोखंडी पाळणा फिरत होता. बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर तिने विचारले, "आजोबा, याला कोण फिरवतं?"

"यंत्र फिरवतं," आम्ही सांगितले.

"आणि त्याला?"

तिचे बोट आता मैदानाच्या कडेकडे वळले होते. तेथे चार पाळण्यांचा एक लाकडी रहाटपाळणा उभा होता. त्याला दिवे नव्हते, कर्णा नव्हता आणि त्या वेळी गिऱ्हाईकही नव्हते. मुंडासे गुंडाळलेला एक वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून बसला होता. "त्याला ते आजोबा फिरवतात," असे आम्ही म्हणालो, तेव्हा नातीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, आपली थट्टा चालली आहे अशी तिची खात्री झाली असावी. तिचा तरी काय दोष? हाताने चालणारा लाकडी पाळणा आम्हांसही कित्येक वर्षांनी दिसत होता. एके काळी ज्याच्यावाचून यात्रा पुरी होत नसे, ती वस्तू आता दुर्मिळांच्या यादीत जाऊन बसली आहे. म्हणून या महिन्यात वाचकांपुढे आम्ही हाच विषय ठेवीत आहो.

आरंभ नावापासून करू. 'रहाट' हा शब्द संस्कृत 'अरघट्ट' या शब्दापासून झाला. 'अर' म्हणजे चाकाचा आरा. विहिरीवर आरे असलेले चाक बसवावे, त्यावर गाडग्यांची माळ सोडावी, भरलेली गाडगी वर यावीत आणि रिती होऊन पुन्हा खाली जावीत, असे हे यंत्र आहे. संसारास आपण रहाटगाडगे म्हणतो ते यावरूनच. या गाडग्यांच्या जागी माणसे बसवली की झाला रहाटपाळणा. आणि ही कल्पना आमच्या पूर्वजांना सुचली होती, याचा मौजेचा दाखला पंचतंत्रात सापडतो. त्याच्या 'लब्धप्रणाश' नामक तंत्रात गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा आहे. भाऊबंदांच्या जाचास कंटाळून तो विहिरीबाहेर पडतो, तो रहाटाच्या गाडग्यात बसून. रहाटात बसून वर गेलेला पहिला प्रवासी आमच्या मते हाच. एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या वाचकांस त्याची निकड समजण्यास अडचण पडू नये. पुढे सूड घेण्यासाठी त्याने त्याच विहिरीत साप नेऊन सोडला आणि भाऊबंदांबरोबर आपल्याही कुळाचा क्षय करून घेतला, ती कथा निराळी. तीही घरोघरी वाचण्यासारखी आहे.

झोपाळ्याचे प्रकरण तर याहूनही जुने आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ ऋषी वरुणाबरोबर नौकेत बसून लाटांवर घेतलेल्या झोक्यांची आठवण काढतात. महाव्रत नामक यागात होता झोपाळ्यावर बसून शस्त्रपठण करतो, असे ऐतरेय आरण्यकात सांगितले आहे. झोपाळा म्हणजे पोरांचा चाळा असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यंत्राने फिरणाऱ्या पाळण्यांसाठी मात्र अकराव्या शतकापर्यंत खाली यावे लागते. धारा नगरीच्या भोजराजाच्या नावावर 'समराङ्गणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरील मोठा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत तो महामहोपाध्याय गणपतिशास्त्री यांनी संपादून १९२४ व १९२५ या साली दोन भागांत छापविला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांचे वर्णन असून त्यात 'रथदोला' म्हणून फिरत्या पाळण्यांचे पाच प्रकार दिले आहेत. वसन्त, मदननिवास, वसन्ततिलक, विभ्रमक आणि त्रिपुर ही त्यांची नावे. हे पाळणे प्रायः खांबाभोवती आडवे फिरणारे. तेव्हा त्यांस रहाटपाळण्याचे वडील न म्हणता चुलते म्हणावे.

या भोजाचे आणि कल्याणीच्या चालुक्यांचे हाडवैर होते. पहिल्या सोमेश्वराने धारेवर स्वारी करून ती लुटली. परंतु क्रीडेच्या बाबतीत हे वैरी एकमताचे होते असे दिसते. कारण त्याच चालुक्य कुळातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये 'आन्दोलनक्रीडा' आवर्जून सांगितली आहे. आमच्या धर्मापुरीचे केदारेश्वराचे मंदिर चालुक्यांच्याच काळचे. त्याच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरी पाहत पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. ज्या काळी हे दगड घडत होते, त्याच काळी झोपाळा राजाच्या दिनक्रमात होता, हे पुढे ग्रंथ वाचून कळले तेव्हा आम्हांस आपल्या गावाविषयी थोडा अधिक अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

आता समुद्रापलीकडे जाऊ. उभ्या चाकाच्या पाळण्याची जुनी लेखी साक्ष दोन प्रवाशांनी दिली आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा गृहस्थ १६१५ साली कॉन्स्टँटिनोपल येथे रमजानच्या उत्सवात अशा चाकात स्वतः बसला. पुढे १६२३ साली तो आमच्याकडे सुरतेस व गोव्यासही आला. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने १६२० साली आजच्या बल्गेरियातील प्लोव्दिव्ह गावी तसलेच चाक पाहून त्याचे चित्र काढून ठेवले. तोही नंतर सुरतेस आला. ती चाके लाकडी होती आणि त्यांस फिरवणारी माणसे होती. सारांश, पाळणा हे मुळात सुताराचे आणि मजुराचे काम. इंजिनियराचे लक्ष त्याकडे फार उशिरा गेले.

ते गेले १८९३ साली, अमेरिकेतील शिकागो शहरी. तेथे भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाच्या चालकांना चार वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये उभारलेल्या आयफेलच्या मनोऱ्यावर कडी करणारे काही तरी हवे होते. जॉर्ज फेरिस नावाच्या तरुण पूलबांधणीकाराने २६४ फूट उंचीचे पोलादी चाक उभारण्याचे मनावर घेतले. त्याला छत्तीस डबे होते व प्रत्येक डब्यात साठ माणसे, म्हणजे एका वेळी २१६० उतारू मावत. चाक फिरवण्यास हजार अश्वशक्तीचे वाफेचे एंजिन होते आणि तसलेच दुसरे राखून ठेवले होते. भाडे पन्नास सेंट. २१ जून १८९३ रोजी हे चाक लोकांसाठी सुरू झाले. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ सप्टेंबर रोजी सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचे नाव जगभर झाले. मुंबईहून ब्राह्मसमाजाच्या वतीने श्री. बी. बी. नागरकर हेही त्या परिषदेस गेले होते. स्वामीजींचे व्याख्यान आपल्या घरोघरी ठाऊक आहे. परंतु ते चालू असता त्याच नगरात काही मैलांवर आपल्या रहाटाचा हा पोलादी वंशज गरगरत होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

फेरिसने मूळ कल्पना कोठून घेतली? लहानपणी नदीकाठचे पाणचक्र पाहत बसण्याचा त्यास नाद होता, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असेल तर रहाटगाडग्याचे ऋण तेथेही निघते. आख्यायिका सोडली तरी, त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम सोमर्स नावाच्या अमेरिकनाने अटलांटिक सिटी वगैरे समुद्रकाठच्या गावी लाकडी चाके उभारली होती, हे नोंदलेले आहे. पुढे यावरून कोर्टकज्जेही झाले. फेरिसला आपल्या यशाचे सुख फार दिवस लाभले नाही. १८९६ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. त्याचे चाक एका जागेहून दुसऱ्या जागी हलवीत १९०४ साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात नेले, आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडून मोडीत काढले. १८९७ साली व्हिएन्ना येथे उभारलेले तसलेच चाक मात्र महायुद्धातील आगीतून दुरुस्त होऊन अद्याप फिरते आहे. पुढे उंचीची जी चढाओढ लागली, तिच्यात २००० सालचे लंडनचे चाक १३५ मीटर, तर २०२१ सालचे दुबईचे २५० मीटर इतके वर गेले. असो.

आता आमच्या यात्रेतील पाळण्याकडे परत येऊ. त्याची रचना पाहिली तर गाडीच्या चाकाइतकी साधी आहे. जमिनीत दोन भक्कम खांब रोवतात. त्यांच्या माथ्यावरील खोबणींत आडवी आस बसवतात, जिला गाडीवान आख म्हणतो. आसेच्या दोन्ही अंगांस प्रत्येकी चार आरे फुलीसारखे ठोकलेले असतात. समोरासमोरच्या आऱ्यांची टोके दांड्याने जोडतात आणि त्या दांड्यास पाळणा टांगतात. चाकास धाव नाही, की पुठ्ठे नाहीत. पाळणे दांड्याभोवती मोकळे झुलत असल्यामुळे चाक कसेही फिरले तरी बसणाऱ्याचे डोके वरच राहते. मात्र ते राहते टांगण्याची जागा वर आणि भार खाली असतो म्हणून. पोर पाळण्यात उभे राहिले की भार वर चढतो व पाळणा कलंडू पाहतो. "उभं राहू नका" ही पाळणेवाल्याची आरोळी केवळ दरडावणी नव्हे, तो पदार्थविज्ञानाचा सिद्धान्त आहे.

फिरवण्याची शक्ती दोन प्रकारे मिळते. लहान पाळण्यात मनुष्य जमिनीवर उभा राहून खाली येणारा पाळणा ओढतो व वर जाणारा लोटतो. मोठ्या लोखंडी पाळण्यात, ज्यांस आठ-दहा पाळणे असतात, दोघे-तिघे जवान आऱ्यांवरून वर चढतात, आऱ्यास लोंबकळतात आणि आपल्या देहाच्या वजनाने त्यास खाली आणतात. जमीन जवळ येताच उडी मारून मोकळे होतात व पुन्हा चढू लागतात. मुंबईस माहीमच्या जत्रेत असे पाळणे अनेकांनी पाहिले असतील. तेथे वाफेच्या एंजिनाचे काम मनुष्याचे वजन करते. या वजनाचा उपयोग सर्व ठिकाणी सारखा होत नाही. मनुष्य अगदी माथ्यावर असता त्याचे वजन नुसते आसेवर दडपते, चाक फिरवीत नाही. आरा आडवा झाला म्हणजे त्याचे बळ सर्वांत अधिक लागते. साठ किलोचा मनुष्य आसेपासून दोन मीटर दूर लोंबकळला तर चार मीटर दूर असलेल्या तीस किलोंस तो उचलून धरतो. ज्या पोरांनी तरफेचे गणित कधी केले नाही, त्यांस कोणत्या क्षणी कोठे लोंबकळावे हे अचूक ठाऊक असते. शाळेत तरफ शिकवताना आम्ही फळ्यावर नेहमी रहाटपाळणाच काढीत असू. पोरांस तो एकदम समजे, कारण पोटाने तो आधीच समजलेला असे.

परंतु पाळणेवाल्याची खरी विद्या फिरवण्यात नाही, बसवण्यात आहे. समोरासमोरच्या दोन पाळण्यांत सारखे वजन असेल तर ती वजने एकमेकांस तोलून धरतात आणि आसेच्या घर्षणापलीकडे फिरवणाऱ्यास काही उचलावे लागत नाही. वंगण चांगले असेल तर एका हाताने आठ माणसे फिरतात. पण एका पाळण्यात चाळीस किलो आणि समोरचा रिता, असे झाले की प्रत्येक फेऱ्यात तेवढे वजन त्यास वर न्यावे लागते, आणि माथा ओलांडताच तेच वजन धाडकन खाली येते. चाक अडखळते, मग एकदम धावते. खांब करकरतात, पोरे रडतात. म्हणून चांगला पाळणेवाला गिऱ्हाइकास पाहताच डोळ्यांनी त्याचे वजन करतो आणि कोणास कोठे बसवायचे ते ठरवतो. उतरवतानाही एका पाळण्यातील मंडळी उतरली की अर्धा फेरा देऊन समोरची उतरवतो. तो वजन पाहतो, कुळ पाहत नाही. ज्या काळी आमच्या गावात कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे याचे नियम होते, त्या काळीही पाळण्यात कोणाच्या समोर कोण बसले हे विचारण्याची सोय नव्हती.

पोटात जो खड्डा पडतो त्याचेही गणित आहे. दोन मीटर त्रिज्येचा पाळणा पाच सेकंदांत एक फेरा घेत असेल, तर माथ्यावर आपले वजन सुमारे तृतीयांशाने हलके आणि तळाशी तितकेच जड भासते. तीस किलोचे मूल वर वीस किलोचे आणि खाली चाळीस किलोचे होते. शिकागोचे चाक एका सलग फेऱ्यास नऊ मिनिटे घेई, म्हणून त्यात बसून शहर दिसे, परंतु पोटात काही होत नसे. दहा पैशांत वजन हरवण्याची जादू अडीचशे फुटांच्या पोलादास साधली नाही, ती आमच्या सुताराच्या चार आऱ्यांस साधली.

दहा पैसे म्हटल्याबरोबर १९६७ सालची शिवरात्र आठवते. ही गोष्ट सांगण्यासाठीच खरे म्हणजे एवढी प्रस्तावना झाली.

तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. आजोबा वैदिक, घर मोठे, तीन चुलत्यांचे एकत्र. घरात आमच्या थोरल्या आत्याबाई होत्या. तेराव्या वर्षी वैधव्य येऊन त्या माहेरी परतल्या, त्या माहेरच्याच झाल्या. लाल आलवण, डोक्यावरून पदर, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. आम्हां भावंडांपैकी बहुतेकांना पहिली आंघोळ त्यांनी घातलेली. त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे पैसे म्हणजे कापसाच्या वाती वळून मिळालेली मोड. त्या मोडीतून दर यात्रेस त्या आम्हांस पाळण्याचे पैसे देत, आणि आम्ही फिरत असताना आमच्या टोप्या व चपला सांभाळत खाली उभ्या राहत. तुम्हांलाही बसावेसे वाटते काय, असे त्यांना कोणी कधी विचारले नव्हते. आम्हीही नाही. टोप्या कोणी तरी सांभाळायच्याच असतात, इतकेच आम्हांस ठाऊक होते.

त्या वर्षी दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक थोडे होते. आम्ही तिघे भावंडे एका पाळण्यात शिरलो. समोरचा पाळणा रिता राहिला. पाळणेवाल्याने लोटून पाहिले, खांदा लावून पाहिला. आमचा पाळणा जेमतेम माथ्यावर चढला आणि असा काही खाली आला की धाकट्या भावाने भोकाड पसरले. पाळणेवाल्याने दांडा धरून चाक थांबवले आणि घाम पुसत आत्याबाईंकडे वळला.

"बाई, समोरचा पाळणा रिकामा हाय, तोल धरंना. तुमी बसा त्यात. पैसे नका देऊ."

आत्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी आजोबांकडे पाहिले. आजोबा चार पावलांवर जपमाळ घेऊन उभे होते. त्यांनी ऐकले होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पाळण्यात बसलेल्या पोरांना तो फार वाटला. शेवटी आजोबा म्हणाले, "तोलासाठीच ना? मग बस."

आमच्या टोप्या आजोबांच्या हाती देऊन आत्याबाई समोरच्या पाळण्यात बसल्या. आणि पाळणा फिरू लागला, तो असा की जणू त्यात कोणी बसलेच नाही. आम्ही तळाशी असलो की त्या माथ्यावर असत. खालून आम्हांस निळे आभाळ आणि त्यात लाल आलवण एवढेच दिसे. पहिल्या फेऱ्यात त्यांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यात उघडले. तिसऱ्या फेऱ्यात त्या हसल्या. घरात त्या हसत नसत असे नव्हे, परंतु तोंडाला पदर लावून हसत. येथे दोन्ही हात दांड्यास घट्ट धरलेले असल्यामुळे पदर लावण्यास हात मोकळा नव्हता. आत्याबाईंच्या हसण्यास आवाज असतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले.

रात्री घरी आल्यावर धाकट्या भावाने ती बातमी आजीस सांगितलीच. आजीने भुवया वर चढवल्या. आजोबा पाटावर बसत म्हणाले, "तोलाला बसली होती," आणि तो विषय तेथेच संपला. पण पुढच्या वर्षी यात्रेत पाळण्यापाशी येताच त्यांनी आपल्या कनवटीचे पैसे काढून आत्याबाईंच्या हाती दिले व म्हणाले, "पोरांना बसव. आणि तोलाला तूही बस." त्यानंतर कित्येक वर्षे शिवरात्रीस त्या बसल्या. तोल असो वा नसो, कारण तेच सांगितले जाई. आमच्या घरात तो शब्दप्रयोगच होऊन गेला. आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसायचे असो, की पंक्तीत एक पान कमी पडत असो, "तोलाला कोण बसतं?" असे विचारीत.

आत्याबाई १९८४ साली गेल्या. पुढे वर्गात तरफ शिकवताना, समोरासमोरची वजने एकमेकांस कशी तोलून धरतात हे सांगत असता, एकदा आमचा खडू फळ्यावर थांबला. तीन चुलत्यांच्या त्या घरात आम्ही दहा-बारा मुले एकामागून एक वर गेलो. कोणी मास्तर झाले, कोणी तहसिलीत लागले, कोणी पुण्या-मुंबईस गेले. ते सारे इतके हलकेच घडले की आपण आपल्याच बळावर वर चाललो आहो, असे प्रत्येकास वाटे. चाक सहज फिरू लागले म्हणजे समोरच्या पाळण्यात कोणी बसले आहे, हे ध्यानातच येत नाही. आमचे घर आत्याबाईंशी निर्दय नव्हते. परंतु त्यांना बसण्याविषयी विचारले ते एका परक्या पाळणेवाल्याने, आणि तेही आमच्या सोयीसाठी. ही गोष्ट आम्हांस आज सदुसष्टाव्या वर्षीही खुपते.

हातपाळणा नाहीसा होतो आहे, याचा सर्वस्वी शोक करण्याचे कारण नाही. आऱ्यांवरून चढणाऱ्या पोराचा पाय घसरला तर काय होते हे सांगावयास नको. त्याच्या हाडांच्या मोलाने आमच्या मुलांनी हसावे, यात भूषण नाही. ते काम यंत्राने आपल्या अंगावर घेतले हे बरेच झाले. केवळ जुने म्हणून चांगले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु यंत्रास तोलाची तितकी पर्वा राहत नाही. कोणता पाळणा रिता आहे हे पाहून, कडेला टोप्या सांभाळत उभ्या असलेल्या कोणास हाक मारण्याची त्यास गरज पडत नाही. ती हाक मात्र हातपाळण्याबरोबर जाईल, आणि तिचे काम आता घरातल्या माणसांनाच करावे लागेल.

असो. नातीचा हट्ट अर्थातच त्या लाकडी पाळण्यासाठी होता. वृद्ध पाळणेवाल्याशी बोलणे झाले. पाळणा त्याच्या वडिलांच्या वेळचा. आस दोनदा बदललेली, आरे जुनेच. पूर्वी बैलगाडीत घालून यात्रेमागून यात्रा करीत, आता टेंपोचे भाडे सुटत नाही. दोघे मुलगे विजेच्या पाळण्यावर पगारी कामास आहेत. "फुडल्या साली आणीन का न्हाई, देवाला ठावं," असे म्हणून त्याने नातीस उचलून पाळण्यात बसवले, चाकास एक हिसका दिला, मान हलवली आणि आमच्याकडे वळला.

"तोल न्हाई होत, गुरुजी. पोरगी एकटीच हाय. समोर तुमी बसा की."

सूनबाई खालून "बाबा, जपून!" म्हणत होत्या. गुडघ्यांनीही तक्रार केली. आम्ही टोपी काढून सूनबाईंच्या हाती दिली आणि बसलो. पाळणा हलकेच उचलला गेला. माथ्यावर वजन तृतीयांशाने कमी होते हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. हिशेब बरोबर आहे. समोर, खूप खाली, नात मान वर करून आमच्याकडे पाहत होती आणि मोठ्याने हसत होती.

उतरल्यावर तिने विचारले, "आजोबा, तुम्ही कशाला बसलात?"

"तोलाला," आम्ही सांगितले. घरी पोहोचेपर्यंत वाटेत तिला आत्याबाईंची गोष्ट सांगून झाली.